विश्लेषण : ना टप्पा, ना धक्काबुक्की… लहान मुलांना कॉर्फबॉल कसा शिकवतात?

मुले आणि मुली एकाच संघात, समान संख्येने खेळतात असे सांघिक खेळ जगात मोजकेच आहेत. नेदरलँड्समध्ये जन्मलेला कॉर्फबॉल हा त्यांपैकी सर्वांत जुन्या खेळांमध्ये गणला जातो. या खेळात चेंडू घेऊन धावता येत नाही, टप्पे देत पुढे जाता येत नाही आणि एकट्याच्या बळावर गोलही करता येत नाही. मात्र नियमपुस्तकातील ही समानता मैदानावर दिसते की नाही, हे बरेचसे लहान मुलांच्या सरावात ठरते. हा सराव कसा चालतो, त्यातील खेळ कोणते आणि ते तसेच का आखले जातात, याविषयी…

कॉर्फबॉल म्हणजे नेमके काय?

‘कॉर्फ’ या डच शब्दाचा अर्थ टोपली. ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदानाचे मधोमध दोन भाग केलेले असतात. प्रत्येक भागात एक खांब आणि त्यावर बिनबुडाची टोपली असते. टोपलीची वरची कड जमिनीपासून साडेतीन मीटर उंचीवर, म्हणजे बास्केटबॉलच्या रिंगपेक्षाही सुमारे ४५ सेंटीमीटर उंच असते. मागे फळी नसते. खांबही मैदानाच्या टोकाला नसून बराच आत रोवलेला असतो. त्यामुळे चेंडू समोरून, बाजूने किंवा अगदी मागूनही टोपलीत टाकता येतो.

एका संघात चार पुरुष आणि चार महिला असतात. त्यातील दोन पुरुष आणि दोन महिला आक्रमणाच्या भागात, तर उरलेले चौघे बचावाच्या भागात खेळतात. सामन्यात दोन गोल झाले की खेळाडू भाग बदलतात. आक्रमण करणारे बचावाला जातात आणि बचाव करणारे आक्रमणाला. त्यामुळे ‘मी फक्त गोल करणार’ किंवा ‘मी फक्त बचाव करणार’ असे कोणालाच म्हणता येत नाही.

आणखी दोन नियम महत्त्वाचे आहेत. पुरुषाने पुरुषाला आणि महिलेने महिलेलाच अडवायचे. तसेच प्रतिस्पर्धी हाताच्या अंतरावर, टोपली आणि फेकणाऱ्याच्या मध्ये उभा राहून चेंडू अडवण्याचा प्रयत्न करत असेल, तर टोपलीकडे नेम धरता येत नाही. हाच तो ‘बचावाखालील फेक’ नावाचा नियम. म्हणजे उंच खेळाडूने बुटक्याच्या डोक्यावरून चेंडू फेकावा, ही सोय इथे नाही. मोकळी जागा शोधल्याशिवाय गोल होत नाही.

खेळाचा जन्म शाळेत कसा झाला?

अॅमस्टरडॅममधील शिक्षक निको ब्रूकहायसन हे १९०२ मध्ये स्वीडनमधील नेस येथे उन्हाळी प्रशिक्षणवर्गाला गेले होते. तिथे त्यांनी खांबावरील कड्यातून चेंडू टाकण्याचा ‘रिंगबॉल’ हा खेळ पाहिला. परतल्यावर आपल्या शाळेतील मुला-मुलींना एकत्र खेळता येईल अशा रीतीने त्यांनी त्याला नवे रूप दिले. कड्याऐवजी टोपली लावली, कारण चेंडू आरपार गेला की नाही हे टोपलीमुळे स्पष्ट दिसते. सुरुवातीला एका संघात १२ खेळाडू असत आणि मैदानाचे तीन भाग केले जात.

मुले-मुली एकत्र खेळतात, यावर त्या काळी नाकेही मुरडली गेली. तरीही खेळ टिकला. १९२० च्या अँटवर्प आणि १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये तो प्रात्यक्षिक स्वरूपात खेळवला गेला. १९३३ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला मान्यता दिली. १९७८ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. त्यात १९९१ चा अपवाद वगळता नेदरलँड्सच विजेता ठरला आहे; त्या वर्षी बेल्जियमने बाजी मारली होती. मात्र या इतिहासातील एक गोष्ट सरावाच्या दृष्टीने मोलाची आहे. कॉर्फबॉल हा मोठ्यांसाठी तयार करून नंतर मुलांसाठी लहान केलेला खेळ नाही. त्याचा जन्मच शाळेतल्या मुलांसाठी झाला.

मग मोठ्यांचे नियम लहानांना का चालत नाहीत?

साधे कारण ताकदीचे. सात वर्षांच्या मुलाला साडेतीन मीटर उंचीच्या टोपलीपर्यंत चेंडू पोहोचवायचा तर सारे अंग झोकून द्यावे लागते. मग ते मूल पाठ मागे वाकवते, चेंडू एका खांद्यावरून भिरकावते आणि चुकीची फेक अंगवळणी पडते. त्याहून वाईट म्हणजे दहापैकी दहा प्रयत्न फसतात. गोल कधीच होत नसेल, तर मुलाच्या लेखी तो खेळच उरत नाही.

म्हणून नेदरलँड्समध्ये लहान गटांसाठी टोपलीची उंची वयानुसार ठेवली जाते. सर्वांत लहानांना अडीच मीटर, त्यापुढे तीन मीटर आणि मग पूर्ण साडेतीन मीटर. चेंडूही आधी तीन क्रमांकाचा, नंतर चार आणि शेवटी मोठ्यांचा पाच क्रमांकाचा. लहानांच्या सामन्यात मैदानाचे दोन भाग नसतात. चार विरुद्ध चार असा छोटा खेळ होतो आणि सगळे आक्रमणही करतात, बचावही करतात. याला ‘मोनोकॉर्फबॉल’ म्हणतात. आठ जणांच्या संघात चेंडू दुसऱ्या भागात असताना चौघे नुसते पाहत राहतात. चौघांच्या संघात कोणीही फार वेळ चेंडूपासून दूर राहत नाही.

शाळेत दाखल होण्याच्या वयातील चिमुकल्यांसाठी तर डच क्लबांमध्ये ‘कांगारू क्लब’ नावाचे वर्ग चालतात. तिथे सामना हा उद्देशच नसतो. उड्या, धावणे, तोल सांभाळणे, चेंडू लोटणे, उडवणे आणि झेलणे यांवरच भर असतो.

सरावाची सुरुवात कोणत्या खेळांनी होते?

पाच-सहा वर्षांच्या मुलांना ‘चेंडू मिळाला की थांबायचे’ हा नियम समजावून सांगण्यात अर्थ नसतो. तो खेळातूनच अंगात उतरवावा लागतो. त्यासाठी सर्वांत सोपा प्रकार म्हणजे मराठी मुलांच्या ओळखीच्या ‘स्टॅच्यू’सारखा. मुले चेंडू हातात घेऊन मैदानभर धावतात आणि शिट्टी वाजली की एका पायावर तोल सांभाळून जागीच थांबतात. काही दिवसांनी नियम बदलतो. आता चेंडू हवेत उडवून झेलायचा आणि झेलताक्षणी थांबायचे. पुढे एक पाय जागेवर रोवून दुसऱ्या पायाने वळायचे. कॉर्फबॉलमधील चेंडूसह धावण्याची मनाई आणि एका पायावर वळण्याची मुभा या दोन्ही गोष्टी मूल अशा रीतीने एकही व्याख्या न ऐकता शिकते.

दुसरा लोकप्रिय प्रकार पकडापकडीचा. यात राज्य घेणारे दोघे किंवा तिघे असतात आणि त्यांच्याकडे एकच चेंडू असतो. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने धावायचे नाही. मात्र चेंडू हातात असतानाच गड्याला बाद करता येते. त्यामुळे राज्य घेणाऱ्यांना एकमेकांकडे चेंडू टाकत गड्यांना कोपऱ्यात गाठावे लागते. चेंडू नसलेल्याने पुढे पळून जागा घ्यायची आणि चेंडू असलेल्याने त्याला पाहायचे, हे कॉर्फबॉलचे मूळ सूत्र याच खेळात दडलेले आहे.

विषामृतासारखा प्रकारही चालतो. बाद झालेला गडी जागीच उभा राहतो. सोबत्याने त्याच्याकडे चेंडू टाकला आणि त्याने तो नीट झेलला की त्याची सुटका. ज्याला झेल जमत नाही असे मूल या खेळात बाजूला पडत नाही. उलट त्याच्याकडेच सर्वाधिक चेंडू येतात.

पास आणि झेल यांचा सराव कसा?

कॉर्फबॉलमध्ये चेंडू पुढे नेण्याचा एकच मार्ग म्हणजे पास. म्हणून सात-आठ वर्षांच्या गटात सर्वाधिक वेळ याच कौशल्याला दिला जातो. सुरुवातीला जोड्या करून दोन-तीन मीटरवरून दोन्ही हातांनी छातीपासून पास दिला जातो. झेलताना बोटे पसरलेली, हात पुढे आणि चेंडू आला की कोपर वाकवून तो अंगाशी घ्यायचा. चेंडूला भिणाऱ्या मुलांसाठी आधी मऊ चेंडू वापरणे केव्हाही चांगले. चेंडू लागण्याची भीती आधी घालवावी लागते; नुसते ‘डोळे उघडे ठेव’ म्हणून ती जात नाही.

त्यानंतर येतो ‘तीन विरुद्ध एक’. तिघांनी त्रिकोणात उभे राहून पास द्यायचे आणि मधल्याने चेंडू अडवायचा. ज्याचा पास अडला तो मध्ये जातो. पासपूर्वी नुसती हूल देणे, डोळ्यांनी एकीकडे पाहून दुसरीकडे चेंडू देणे अशा गोष्टी मुले इथे आपोआप शोधून काढतात.

‘दहा पास’ हा खेळ त्याची पुढची पायरी. दोन संघ, एक चेंडू आणि टोपली नाही. सलग दहा पास पूर्ण केले की एक गुण. चेंडू पडला किंवा दुसऱ्या संघाने पकडला की मोजणी पुन्हा शून्यापासून. प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू हिसकावायचा किंवा मारून पाडायचा नाही, कारण मोठ्यांच्या खेळातही त्याला मनाई आहे. दहा पास जड जात असतील तर पाचच ठेवायचे. मैदान मोठे केले की पास देणाऱ्यांना सोपे जाते, लहान केले की बचाव करणाऱ्यांना. प्रशिक्षकाला शिट्टीपेक्षा या मापांचा उपयोग अधिक होतो.

टोपलीत नेम धरायला कसे शिकवतात?

मागे फळी नसल्याने बास्केटबॉलसारखा जोरात मारलेला सपाट चेंडू इथे उपयोगाचा नाही. चेंडू उंच कमानीत जाऊन वरून टोपलीत पडावा लागतो. दोन्ही हातांत चेंडू चेहऱ्यासमोर, कोपर सैल, गुडघे किंचित वाकलेले. मग पायांतून जोर घेत हात वर सरळ करायचे आणि शेवटी बोटे टोपलीच्या दिशेने राहतील असे पाहायचे. लहान मुलांना एवढ्या सूचना एकदम दिल्या तर गोंधळ उडतो. एका वेळी एकच सूचना दिलेली बरी. आज गुडघे, पुढच्या वेळी बोटे.

सर्वांत लहानांसाठी ‘जिवंत टोपली’चा खेळ रंगतो. एक मूल दोन्ही हातांनी रिंग डोक्यासमोर आडवी धरते आणि सोबती त्यातून चेंडू टाकतात. रिंग धरणाऱ्याला ती हलवून चेंडू पकडण्याची मुभा असते. त्यामुळे गोल होतात आणि गोल होण्यात दोघांचाही हात असतो.

मग ‘घड्याळ’. खांबाभोवती गोलाकार जागा आखायच्या आणि प्रत्येक जागेवरून एक गोल झाला की पुढच्या जागी जायचे. टोपलीच्या मागूनही नेम धरता येतो, हे मुलांना यातूनच कळते. दीड-दोन मीटरपासून सुरुवात करून अंतर हळूहळू वाढवतात. मोठ्यांच्या खेळात पेनल्टी अडीच मीटरवरून, समोर कोणी नसताना घेतली जाते. तो सराव लहानांना फार आवडतो, कारण सगळ्यांचे लक्ष त्या एकावर असते.

नऊ-दहा वर्षांच्या गटात तिघांचा खेळ सुरू होतो. एक जण नेम धरतो, दुसरा खांबाजवळ उभा राहून चेंडू पुरवतो आणि तिसरा फसलेला चेंडू पकडतो. काही फेकींनंतर भूमिका बदलतात. त्याच सुमारास धावत येऊन गोल करण्याचा प्रकारही शिकवला जातो. खांबाकडे धावणारा खेळाडू टोपलीजवळच्या सोबत्याकडून चेंडू घेतो आणि धावण्याच्या त्याच लयीत दोन्ही हातांनी खालून वर टोपलीत सोडतो. यात गोल करणाऱ्याइतकेच पास देणाऱ्याचेही अचूक वेळ साधणे महत्त्वाचे असते. म्हणून गोल मोजताना दोघांचीही नावे घेण्याची सवय उपयोगी पडते.

बचाव कधी आणि कसा?

लहान मुले चेंडूभोवती घोळका करतात, हे कोणत्याही सांघिक खेळात दिसते. कॉर्फबॉलचे नियम मात्र या घोळक्याला मुळातच आळा घालतात, कारण एका खेळाडूला एकाच वेळी दोघांनी अडवण्यास मनाई आहे. हे शिकवण्यासाठी ‘सावली’चा खेळ वापरतात. जोडीतला एक जण पळतो, दिशा बदलतो, अचानक थांबतो. दुसऱ्याने हाताच्या अंतरावर, पण स्पर्श न करता त्याची सावली व्हायचे. शिट्टी वाजली की सावलीने हात पुढे करायचा. बोट पोहोचले तर गुण सावलीचा, नाही तर पळणाऱ्याचा. ‘हाताचे अंतर’ म्हणजे किती, हे मुलांना मोजपट्टीशिवाय कळते.

त्यानंतर टोपलीपाशी एकास एक. समोर बचाव उभा असेल तर नेम धरायचा नाही, पास द्यायचा किंवा बाजूला सरून मोकळे व्हायचे. हा निर्णय सुरुवातीला मुलांना जड जातो. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलांच्या खेळात प्रत्येक वेळी शिट्टी वाजवण्याऐवजी नियम थोडा सैल ठेवणे आणि वयानुसार काटेकोर करत जाणे शहाणपणाचे ठरते.

नियमांमुळे मुलींच्या हाती चेंडू खरोखर येतो का?

कॉर्फबॉलचा खरा कस इथे लागतो. संघात चार मुली असल्या पाहिजेत, हे नियम सांगतो. त्यांना चेंडू मिळालाच पाहिजे, हे मात्र कोणताही नियम सांगू शकत नाही. अभ्यासकांनाही हा प्रश्न पडला आहे. १९८९ मध्ये क्रीडा समाजशास्त्राच्या एका नियतकालिकात कॉर्फबॉलवर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘समतेचा आदर्श?’ असे प्रश्नचिन्ह होते.

वयात येण्याआधी मुला-मुलींच्या उंचीत आणि ताकदीत फारसा फरक नसतो. तरीही घरात, गल्लीत चेंडू अधिक खेळलेले मूल पहिल्या दिवसापासून पुढे असते आणि बहुतेकदा तो मुलगा असतो. त्याला पास दिला की गोल होतो, म्हणून सगळे त्यालाच पास देतात. त्याचा सराव वाढतो, इतरांचा थांबतो. काही महिन्यांत हा फरक ‘नैसर्गिक’ वाटू लागतो.

यावर ‘गोल करण्याआधी मुलीला एक पास द्यायचाच’ असा उपाय काही वेळा केला जातो. तो वरवर योग्य वाटला तरी त्यातून मुलगी म्हणजे पार करायचा एक टप्पा ठरते. तिला चेंडू मिळतो तो नियम म्हणून, आणि लगेच परत मागितला जातो. त्यापेक्षा मुलगा-मुलगी असा उल्लेखच नसलेले नियम अधिक परिणामकारक ठरतात. उदाहरणार्थ, चौघांचाही हात लागल्याशिवाय गोल मोजायचा नाही. किंवा गोल करणाऱ्याने पुढचा गोल होईपर्यंत फक्त चेंडू पुरवायचा. किंवा संघातील प्रत्येकाचा पहिला गोल दोन गुणांचा धरायचा. अशा खेळात सर्वांत तरबेज मुलाला जिंकायचे असेल, तर सर्वांत कच्च्या सोबत्याला गोल करता येईल अशी जागा आणि पास त्यालाच तयार करून द्यावे लागतात. फायदा दोघांचाही होतो. एकाला आत्मविश्वास मिळतो, दुसऱ्याला खेळ वाचता येऊ लागतो.

सरावाचा तास कसा आखावा?

मुलांच्या सरावाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रांग. हिशेब साधा आहे. १२ मुले, एक खांब आणि एक चेंडू. एक फेक आणि चेंडू परत आणणे याला दहा सेकंद धरले, तर दहा मिनिटांत ६० फेकी होतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच. बाकी सारा वेळ ढकलाढकली आणि गप्पांचा. तेच तीन खांब आणि तीन चेंडू असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ फेकी येतात. खांब तिप्पट नसतील तर भिंतीवर खडूने वर्तुळे काढावीत, रिंगा टांगाव्यात. पण गट चारांपेक्षा मोठा होऊ देऊ नये.

साधारण तासाभराच्या सरावात पहिली दहा मिनिटे पकडापकडीसारखा खेळ, पुढची पंधरा पास-झेल, पंधरा मिनिटे टोपलीवर नेम आणि शेवटची वीस मिनिटे चार विरुद्ध चार सामना, अशी विभागणी सोयीची. लहान गटात कोणताही प्रकार सात-आठ मिनिटांपेक्षा लांबवू नये. दिलेल्या वेळात दोन-तीन प्रकार बदलत राहावेत. ‘नीट सराव केला तर शेवटी सामना’ अशी अटही घालू नये. सामना हे बक्षीस नसून सरावाचाच भाग आहे. त्या दिवशी जे शिकवले ते सामन्यात दिसले की त्याचे कौतुक करायचे. गोलफलक मात्र भिंतीवर लावण्याची गरज नाही.

आपल्याकडील शाळांमध्ये हे शक्य आहे का?

भारतात कॉर्फबॉलची राष्ट्रीय संघटना आहे आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये भारतीय संघ उतरलेही आहेत. तरीही महाराष्ट्रातील बहुतेक शाळांना हा खेळ अपरिचितच. साहित्याची अडचण मात्र फार मोठी नाही. मूळ कॉर्फ वेताचीच होती. आता ती प्लास्टिकची असते. बुरुडाकडून बिनबुडाची बांबूची टोपली करून घेता येते. तिचा आतील व्यास ४० सेंटीमीटरच्या आसपास आणि उंची २५ सेंटीमीटर हवी. काठाला कापड गुंडाळले की बोटांना कुसळे लागत नाहीत. जुन्या टायरमध्ये सिमेंट भरून लोखंडी पाइप उभा केला की खांब तयार. मात्र तो धक्क्याने कलंडणार नाही एवढा जड हवा आणि त्यावर लोंबकळण्यास सक्त मनाई हवी. मैदान लहान असले तरी चार विरुद्ध चार खेळ सहज मावतो.

खरी अडचण सवयीची आहे. अनेक शाळांत खेळाच्या तासाला मुलांना क्रिकेट आणि मुलींना लंगडी किंवा रिंग अशी वाटणी आपोआप होते. पाचवी-सहावीनंतर तर बऱ्याच मुली कडेला बसून राहतात. त्या वयात अचानक ‘आता एकत्र खेळा’ म्हटले तर संकोच आडवा येतो. पहिली-दुसरीपासून एकत्र पकडापकडी, ‘दहा पास’ आणि ‘जिवंत टोपली’ खेळलेल्या मुलांना मात्र त्यात वेगळे काही वाटत नाही. त्यासाठी शाळेत कॉर्फबॉलचा संघच असला पाहिजे असे नाही. एक टोपली, तीन-चार चेंडू आणि प्रत्येकाच्या हाती चेंडू जाईल असा नियम, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते.